एक फाईल जास्त

गेल्या होत्या एकेचाळीस हजार तीनशे बारा. परत आल्या एकेचाळीस हजार तीनशे तेरा.

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आकडा परत वाचला. तेराच.

कमी आल्या असत्या तर ती दचकली नसती. परत मागवलेल्या फायलींतली एखादी गहाळ होते, एखादी अर्धवट येते. ते शोधण्याचाच तर तिला पगार होता. पण जास्त? ठेवायला दिलं त्यापेक्षा जास्त परत येतं, असं कधी कुठे झालंय का?

तिचं काम तसं रुक्षच. सव्वीस दवाखान्यांचे सगळे कागद, एक्स-रेपासून रक्ताच्या अहवालांपर्यंत, एकाच मध्यवर्ती साठ्यात जमा होत. त्या साठ्याची नक्कल रोज नेटवर्कवरून साठ मैलांवरच्या डोंगरातल्या केंद्रात जाई आणि तिथे टेपांवर उतरे. बॅकअप म्हणतात तो हा. इथे उद्या आग लागली तरी तिथून सगळं परत आणता यावं. पण नक्कल नुसती ठेवून भागत नाही, ती खरंच परत येते का हेही बघावं लागतं. म्हणून दर बुधवारी सकाळी दहाला ती आठ टेपांवरच्या फायली परत मागवी आणि वेळ मोजत बसे. कचेरीत तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणत.

पाठवलेल्या संचात ती एक खूणचिठ्ठीही घालून ठेवी. छोटीशी फाईल, तीत त्या दिवसाची एखादी ओळ. परत आल्यावर तीच ओळ दिसली की समजायचं, माल ताजा आहे. ओळ काहीही चाले. ‘खिडकीवर कबूतर.’ ‘साहेबांचा नवा शर्ट – भयंकर.’

जास्तीची फाईल त्या चिठ्ठीच्या शेजारीच होती. तिला नाव नव्हतं. तारखेची जागा कोरी होती. आत एकच ओळ –

जिन्यात पाणी आहे. सांभाळून.

तिने सावकाश मान वळवून मागे पाहिलं. कचेरी तळमजल्यावर होती. जिना नव्हताच.

तिने केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला.

“तिकडे कुणी असतं का हो?”

“तिकडे?” ठेकेदार हसला. “मॅडम, तिथे कोण असणार? सगळं आपोआप चालतं. वर टेपांची खोली, खाली वाचायचं यंत्र. मध्ये यंत्राचा हात आहे, तो टेप काढतो, खाली आणतो, लावतो. माणसाला त्या खोलीत राहताच येणार नाही.”

“का?”

“आग लागू नये म्हणून आतला प्राणवायू कमी ठेवलाय. काडी ओढा, पेटणार नाही.” मग जरा थांबून, गमतीत, “श्वास न घेणारं कुणी असेल, तर ते मला माहीत नाही.”

तिला ती गंमत आवडली नाही. कारण आणखी एक गोष्ट तिला बरेच दिवस खुपत होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

एक टेप वाचून झाली की दुसरी लागेपर्यंत मध्ये खंड पडे. पडद्यावरची आलेखाची रेषा खाली शून्यावर येई, तिथे साधारण अकरा मिनिटं पडून राही आणि पुन्हा उठे. साहेबांची कुरकुर त्यावरच होती – “जायला दोन तास आणि यायला साडेतीन? उशीर कुठे होतो ते शोध.” उशीर कुठे होतो ते तिला ठाऊक होतं. तो कसा होतो, ते कळत नव्हतं. यंत्राचे खंड एकसारखे असतात. हे खंड सुरुवातीला दहा मिनिटांचे, दुपार होता होता तेरा. एखादा मध्येच लांबे, जणू कुणी पायरीवर टेकलंय. रेषेकडे फार वेळ पाहिलं की झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसं काहीतरी वाटे… आणि ती पटकन पडदा बदले.

पुढच्या बुधवारच्या खूणचिठ्ठीत तिने एकच शब्द लिहिला. ‘कोण?’

घरी आत्याला सांगितलं तर आत्या भडकलीच.

आत्याचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानांवर हेडफोन, समोर भोकांचा फळा आणि हातात वायरी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी कुणी बोलू लागलं की ती मान किंचित डावीकडे कलती करी.

“विचारलंस? कोण म्हणून विचारलंस?” आत्या म्हणाली. “आमच्याकडे तोडलेल्या लाइनवर कधी कधी दिवा लागायचा. आम्ही नुसतं बघायचो. उत्तर द्यायचं नाही, असा नियमच होता. एकीने दिलं.”

“मग?”

“मग काय! रोज त्याच दिव्याची वाट बघत बसायची. जेवायला उठेना.”

“काय ऐकू यायचं तिला?”

“ते तिने कधी सांगितलं नाही. पण चेहरा असा असायचा…” आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, “…असा. आत्ता तुझा आहे तसा.”

बुधवारी उत्तर आलं. ‘मी. तुम्ही कोण?’

आता इथे शहाण्या मुलीने साहेबांकडे जायला हवं होतं. ती गेली नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. तिला भीती वाटत होती हे खरं, आणि त्या भीतीने तिचे गाल गरम होत होते हेही खरं.

आठवड्याला एकच ओळ जाई आणि एकच येई. त्यामुळे प्रत्येक ओळ सात दिवस पुरवून वापरावी लागे.

‘दर बुधवारी मागवणारी.’

‘म्हणजे बुधवार. तरीच मंगळवारी झोप लागत नाही.’

‘तुम्ही यंत्र आहात का?’

‘यंत्राचे गुडघे दुखत नाहीत.’

‘मग दिसत का नाही कुणाला?’

‘मला इथे दिसायची परवानगी नाही.’

ही ओळ वाचून तिच्या मानेवर सरसरून काटा आला. कचेरीत भर दुपारचं ऊन होतं, पलीकडे साहेब शिंकत होते, आणि तरीही तिने पाय खुर्चीवर उचलून घेतले.

‘तिथे कसं वाटतं?’ तिने विचारलं.

‘काडी पेटत नाही. हाक मारली तर आवाज दोन पावलं जातो आणि खाली बसतो.’

‘मग हाक कुणाला मारता?’

त्या पुढच्या बुधवारी फाईल आली नाही. गेल्या तितक्याच आल्या. फक्त चौथ्या आणि पाचव्या टेपेच्या मधला खंड एकोणीस मिनिटांचा होता. कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं आणि खोडलं होतं – असं तिला वाटलं. आठवडाभर ती आत्यावर उगाच खेकसली. मग बुधवार आला आणि फाईल आली.

‘तुला.’

बस. एक शब्द. तुम्हीवरून तूवर येताना त्याने एकोणीस मिनिटं आणि सात दिवस घेतले होते.

“काय म्हणतात तुझे ते अकरामिनिटे?” आत्याने विचारलं. तिने त्याचं हे असं आडनावच करून टाकलं होतं. “घराणं कुठलं? जिवंत माणसांतलं की…?”

“आत्या!”

“विचारून ठेवते. पुढे बोलणी करायची तर कुठल्या दारात जायचं ते कळायला हवं ना.”

ती हसली खरी, पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटलं, आत्याने थट्टेत विचारलं तेच तर तिला स्वतःला विचारायचं होतं. श्वास न घेणारं कुणी…

आणि मग साहेबांनी फर्मान काढलं.

“येत्या बुधवारी आठ-बिठ नाही. साठ टेपा, एका दिवसात. सकाळी सहाला मी स्वतः इथून सुरू करणार, रात्री नऊला संपलं पाहिजे. पंधरा मिनिटांची एक टेप, साठ टेपांचे पंधरा तास, हिशेब सरळ आहे. नाही जमलं तर ते केंद्र बंद. दुसरं बघू.”

“मधले खंड, साहेब? नुसते खंडच अकरा तास होतील.”

“ते यंत्राने बघावं.”

“आणि तिथे माणूस असला तर?”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “कागदावर नाही.”

“कागदावर नाही, पण –”

“घड्याळ, एक फाईल जास्त आली म्हणून माणूस होतो का? जा, चहा घे.”

तिने चहा घेतला नाही. जागेवर बसून तिने तो सरळ हिशेब पुन्हा केला. तिथे कुणी नसेल तर साठ म्हणजे नुसता एक आकडा. पण कुणी असेल, त्याचे गुडघे दुखत असतील, तर साठ वेळा त्याला त्या खोलीत जावं लागेल, जिथे काडीसुद्धा जगत नाही. एरवी आठ टेपांतच खंड शेवटी तेरा मिनिटांवर जात. साठावा खंड किती मिनिटांचा होईल? आणि त्यातला एखादा संपलाच नाही तर आलेखाची रेषा शून्यावर पडून राहील, साहेब म्हणतील, यंत्र अडकलं.

तिने लगेच खूणचिठ्ठी पाठवली आणि तपासणीच्या नावाखाली एक टेप मागवली. ‘बुधवारी साठ मागतील. आणू नकोस.’

पाऊण तासाने उत्तर आलं. ‘मागितल्या की आणणार. नाही आणल्या तर हे केंद्र बंद. मग मला बुधवार कुठला?’

घरी आत्याने ते कागदावर उतरवलेलं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “मागे ती वेडी सांगितली ना तुला… दिव्याला उत्तर देणारी. ती मीच.”

“आत्या…”

“नंतर त्या दिव्यापलीकडच्याने पत्ता दिला होता. तिकडच्या एक्स्चेंजमधला निघाला. म्हणजे असं तो म्हणाला. चोवीस वर्षं बोललो आम्ही. मी गेले नाही बघायला.” तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “दार उघडलं आणि आत कुणी नसलं तर… याची भीती. तू जा.”

बुधवारी ती पहाटेच्या बसने निघाली. डोंगरात धुकं इतकं दाट होतं की बस थांबली तेव्हा ती कशापुढे थांबली हेच दिसेना. उतरून दहा पावलं चालल्यावर एक भिंत आली. खिडक्या नसलेली, राखाडी, ओलसर. पाटी नाही. लोखंडी दार नुसतं लोटलेलं होतं.

आत यंत्राची बारीक, एकसुरी घरघर होती. टेबलावर एक पडदा, थर्मास, घडी घातलेली घोंगडी आणि काड्यापेटी. तिने पेटी उघडली. एकेका काडीचं टोक घासून घासून झिजलेलं होतं, पण जळलेली एकही नव्हती. कुणीतरी पुन्हा पुन्हा पेटवून पाहिलं होतं.

समोर लोखंडी जिना वर चढत अंधारात शिरला होता. जिन्यात पाणी आहे… तिने वाकून पहिल्या पायरीवर बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत. बोटाला धूळ लागली.

तेवढ्यात यंत्राची घरघर थांबली. टेप वाचून झाली होती. आणि खंड सुरू झाला. कचेरीत तो नुसती एक आडवी रेषा असे. इथे तो खोलीभर पसरला, तिच्या कानांत भरला. वर कुठेतरी पाऊल पडलं. मग काही नाही. पुन्हा एक पाऊल. फार सावकाश. तिने घड्याळात पाहिलं, सवयच ती. नऊ मिनिटं… दहा… बारा… तिला वाटलं, पळून जावं. तिला वाटलं, वर धावत जावं. तिने दोन्ही केलं नाही. चौदाव्या मिनिटाला पायऱ्यांवर आधी कापडी बूट दिसले, मग टेप धरलेले दोन हात, मग चेहरा. पांढराफटक. ओठ निळसर.

“कोण?” तो जागीच थबकला.

“बुधवार,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग एकदम भानावर येऊन यंत्राकडे वळला. “एक मिनिट हं… आधी ही लावू दे. चौदा झाली असतील. बुधवार फार कडक आहे.”

टेप लागली, घरघर सुरू झाली. तो वळला तेव्हा ती अगदी जवळ आली होती. तिने हात वर करून तळवा त्याच्या नाकापुढे धरला. श्वास होता. तुटक, पण उबदार.

“काय तपासतेस?”

“परत आलेला माल,” ती म्हणाली. “किती झाल्या?”

“नऊ.”

“वेडा आहेस.”

“बरोबर. साठ झाल्यावर शहाणा होईन.” तो खुर्चीत बसला, जवळजवळ कोसळलाच. तिने थर्मासमधलं पाणी दिलं आणि घोटाघोटाने त्याने सांगितलं. दीड वर्षापूर्वी यंत्राचा हात मोडला. नवा आणण्यापेक्षा ठेकेदाराला माणूस परवडला. अट एकच – दिसायचं नाही, बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही. तिकडे कुणाला कळता कामा नये. म्हणून तिच्या चिठ्ठीशेजारी तो पडद्यावरून गुपचूप एक फाईल ठेवी. “आधी बरं वाटलं. मग एक दिवस मलाच शंका यायला लागली. आहे का मी? म्हणून त्या काड्या… खोलीत पेटत नाहीत हे माहीत असून रोज एक घेऊन जायचो.”

“आणि आज साठ वेळा जाणार होतास.”

“तू मागितल्या होत्यास.”

“मी नाही. साहेबांनी.”

“अरेच्चा,” तो म्हणाला. “मग फुकटच पळालो की.”

इतक्या निळ्या ओठांनी कुणी इतकं गोड हसू शकतं, हे तिला नवीन होतं.

पुढचे दोन तास त्यांनी मिळून काम केलं. तो वर खोलीच्या दाराबाहेर, चांगल्या हवेत उभा राही. ती खालून पडद्यावरचा आकडा ओरडे. तो आत जाई, टेप काढी, ती अर्ध्या जिन्यात येऊन घेई. मग जागा बदलत. खोलीत पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी हलकेच तिच्या छातीवर हात ठेवलाय. टेप देता-घेता बोटांना बोटं लागत. पहिल्यांदा चुकून. नंतरचं सांगता येत नाही.

खंड पाच मिनिटांवर आला आणि फोन वाजला. साहेब.

“घड्याळ! कुठे आहेस? रेषा बघितलीस? निम्म्यावर आला उशीर! काय केलं त्या यंत्राला?”

तिने जिन्याकडे पाहिलं. तो वर दारात उभा होता आणि नकारार्थी मान हलवत होता. त्याची नोकरी, दिसायचं नाही ही अट, सगळं त्या मान हलवण्यात होतं.

“यंत्र नाही, साहेब,” ती म्हणाली. “इथे एक माणूस होता. आता दोन आहेत.”

पलीकडे खुर्ची जोरात मागे सरकली.

“त्या खोलीत?” साहेबांचा आवाज वेगळाच झाला होता. “आज सकाळी सहापासून?”

“दीड वर्षापासून.”

“थांबव. मी इकडून बंद करतोय. त्याला खाली घे… आणि ऐक, दार उघडं ठेव. ठेकेदाराकडे मी बघतो. त्या माणसाला म्हणावं, इकडे कचेरीत माणसं लागतातच.”

यंत्राची घरघर बंद पडली. ती हसत जिन्याच्या पायथ्याशी धावली.

“बंद झालं! ये खाली!”

“हातातली ठेवून येतो,” वरून आवाज आला. मग दार लागलं आणि पावलं वाजली. आता सावकाश नव्हती. सुट्टी लागल्यासारखी, दोन दोन पायऱ्या टाकत येणारी. आणि त्याच क्षणी तिला वरच्या वळणावर काहीतरी चकाकताना दिसलं. खोली गार ठेवणाऱ्या यंत्राची नळी सुटली होती आणि लोखंडी पायऱ्यांवरून पाण्याची काळी, बारीक धार आवाज न करता खाली उतरत होती.

“जिन्यात पाणी आहे! सांभाळून!”

तो कठड्याला धरून थांबला. उचललेला एक पाय तसाच हवेत. त्याच्या बुटाखालून धार पुढच्या पायरीवर टपकली. खाली बावीस लोखंडी पायऱ्या होत्या.

ओरडून झाल्यावर तिला आपले शब्द ऐकू आले. ती मटकन खालच्या पायरीवर बसली.

तो कठडा न सोडता, एकेक पायरी चाचपत उतरला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. “काय गं? पडलो नाही ना मी.”

“हेच तर तू लिहिलं होतंस,” ती म्हणाली. “पहिल्या चिठ्ठीत.”

“पहिली? पहिली तुझी होती. ‘कोण?’ म्हणून.”

“त्याच्या आधीची.”

“आधीची नाहीच.” तो हसायला लागला. “हे बघ, सुरुवात तू केलीस. मी बापडा टेपा वाहत होतो.”

“सुरुवात तू केलीस! जिन्यात पाणी आहे, सांभाळून. नाव नाही, तारीख नाही. मी त्याला ‘कोण?’ विचारलं.”

त्याचं हसू हळूहळू मावळलं. “बुधवार,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “या जिन्यात दीड वर्षात कधी पाण्याचा थेंब आला नाही. मी कशाला लिहीन?”

दोघांनी वळून वर पाहिलं. पाण्याची धार त्यांच्यापासून दोन पायऱ्यांवर येऊन थांबली. टेबलावरच्या पडद्यावर रोजचा बॅकअप यायला लागला होता. सव्वीस दवाखान्यांचा दिवस, फाईलमागून फाईल.

तिने उठून त्याच्या खुर्चीत बैठक मारली आणि एक नवी फाईल उघडली. नावाची जागा आली, ती तिने सोडून दिली. तारखेची जागा आली. तिचा हात तिथे अडखळला, तेव्हा त्याने मागून येऊन आपला हात तिच्या हातावर ठेवला. हात अजून गार होता. तारीखही कोरी राहिली. मग दोघांच्या बोटांनी, एक एक अक्षर शोधत, ती ओळ लिहिली गेली, आणि रांगेतल्या फायलींत शिरून दिसेनाशी झाली.

“म्हणजे बघ,” तो तिच्या कानाशी म्हणाला, “सुरुवात तूच केलीस.”

“हो,” ती म्हणाली. “पण आज.”